विद्यार्थ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी प्रशिक्षण: कोणतं घ्यावं आणि आधी कुणाला द्यावं

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं देशातल्या शिक्षणसंस्थांसाठी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणातून त्या आल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक पात्र समुपदेशक हवा, आणि शिकवणाऱ्या व न शिकवणाऱ्या सगळ्या कर्मचाऱ्यांचं वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण व्हायला हवं, ही त्यातली दोन महत्त्वाची कलमं. कायदा होईपर्यंत त्या पाळणं बंधनकारक आहे.

त्यामुळं कोल्हापुरातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या विद्यार्थी विकास समितीत तुम्ही बसत असाल, तर प्रशिक्षण घ्यायचं की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही. कोणतं घ्यायचं, कुणाला द्यायचं आणि त्यानंतर काय, हे ठरवायचं आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यातले २२,७४६ मृत्यू महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. त्या वर्षी देशभरात १३,०४४ विद्यार्थी गेले आणि त्यातही महाराष्ट्राचा आकडा सगळ्यांत मोठा होता. एवढं समोर असताना केवळ अहवालाच्या फाइलला जोडायला फोटो मिळावेत म्हणून प्रशिक्षण घेणं मला सहन होत नाही. म्हणून ही तुलना सविस्तर करतोय.

माझं मत आधीच सांगतो. कोर्सचं नाव ठरवण्याआधी माणसं ठरवा. आणि माणसं ठरवताना फक्त स्टाफरूमकडं बघू नका.

कोल्हापुरात मुलावर लक्ष कुणाचं असतं?

विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणून कोल्हापूरचं नाव घेतलं जातं. शाहू महाराजांच्या काळात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभं राहिलं, आणि एकेका समाजाची बोर्डिंगं शहरभर वाढत गेली. खेड्यातल्या मुलाला शिकायचं असेल तर त्याच्या राहण्या-जेवणाचीही काळजी घ्यावी लागते, हे या शहराला सव्वाशे वर्षांपूर्वी कळलेलं आहे.

आजही शाहूवाडी, गगनबावडा, आजरा, भुदरगड, चंदगडची मुलं इथं येतात. कुणी शिवाजी विद्यापीठात कमवा आणि शिका योजनेत काम करत शिकतं, कुणी राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहतं, कुणी पोलीस भरती नाहीतर एमपीएससीसाठी दिवसभर अभ्यासिकेत बसून असतं. यांना रोज बघणारी माणसं कोण? मेसच्या मावशी. वसतिगृहाचा रेक्टर. रात्रपाळीचा वॉचमन. प्रयोगशाळेतला परिचर. शिष्यवृत्तीच्या खिडकीवरचा लिपिक, ज्याच्यासमोर फी भरायला मुदत मागताना मुलाचा आवाज बदलतो. आणि सगळ्यांत आधी रूम पार्टनर. त्याचा पार्टनर दोन दिवस जेवला नाही, रात्रभर जागा असतो, स्वतःचा मोबाइल नाहीतर आवडते बूट कुणाला तरी देऊन टाकतोय, हे प्राध्यापकाच्या किती तरी आधी त्याला दिसतं.

प्राध्यापकाला वर्गात ८० चेहरे दिसतात. मेंटॉर-मेंटी योजनेच्या रजिस्टरमध्ये त्याच्या नावावर २०-२५ मुलं लिहिलेली असतात, पण सही घेण्यापलीकडं भेट होतेच असं नाही. प्राध्यापकाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. कुणाच्या नजरेला काय पडतं, तेवढंच मांडतोय. खालची प्रत्येक पद्धत या फुटपट्टीवर बघा.

१० सप्टेंबरचं व्याख्यान

जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन १० सप्टेंबरला असतो. त्या दिवशी सभागृहात मानसोपचारतज्ज्ञांचं तासाभराचं व्याख्यान, हार-तुरे, आभार. विषयाला तोंड फुटतं, 'आपल्याकडं यावर बोलायला परवानगी आहे' एवढं मुलांना कळतं, आणि एखादं मूल नंतर वक्त्याला बाजूला गाठून काही तरी विचारतं. हा फायदा खरा आहे.

पण याला प्रशिक्षण म्हणू नका. ऐकून कुणाला विचारायचं धाडस येत नाही. व्याख्यान ठेवायचंच असेल तर वक्त्याला आधी दोन गोष्टींची कल्पना द्या: आत्महत्येच्या पद्धतींचं वर्णन नको, आणि मेलेल्या मुलांच्या डोळ्यांत पाणी आणणाऱ्या गोष्टी नकोत. आधीच काठावर असलेल्या मुलाला त्या गोष्टींत स्वतःचा शेवट दिसू शकतो. त्यापेक्षा मदत घेतली आणि दिवस पालटले अशा माणसांबद्दल बोलायला सांगा.

दीड-दोन तासांचं द्वारपाल प्रशिक्षण

द्वारपाल म्हणजे मुलाची अडचण आधी ओळखून त्याला मदतीपर्यंत नेणारा माणूस. यातला जगभर पसरलेला प्रकार म्हणजे क्यूपीआर (क्वेश्चन, पर्स्वेड, रेफर). अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल क्विनेट यांनी तो १९९५ मध्ये सुरू केला. गाभा तीन पायऱ्यांचा: थेट विचारा, मदत घ्यायला राजी करा, योग्य माणसाकडं पोहोचवा. वेळ एक ते दोन तास. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ असण्याची अट नाही. शिपाई, ग्रंथपाल, मेसचालक, कुणीही घेऊ शकतं. शिक्षणाची पायरी आड येत नाही, ही याची सगळ्यांत मोठी जमेची बाजू.

दुसरी जमेची बाजू म्हणजे प्रश्न विचारायचा सराव. आपण सहसा कसं विचारतो? 'तसलं काही डोक्यात नाही ना तुझ्या?' समोरचा मुलगा 'नाही सर' म्हणून मोकळा होतो, कारण त्यानं काय म्हणायचं ते आपण प्रश्नातच सांगून ठेवलेलं असतं. किंवा 'आई-बापाचा विचार कर जरा' म्हणतो. आई-बापाचाच विचार करून त्याला आपण ओझं झालोय असं वाटत असतं, त्यात आपण आणखी एक दगड ठेवतो. चांगल्या प्रशिक्षणात शेजारच्या माणसाकडं तोंड करून मोठ्यानं म्हणायला लावतात: 'एवढं सगळं सोसताना जीव द्यावा असं मनात येतं का रे?' आणि मग गप्प बसायला लावतात. पहिल्यांदा घसा कोरडा पडतो. म्हणूनच तो सराव बंद खोलीत, सहकाऱ्यासमोर आधी झालेला बरा.

विचारल्यामुळं मुलाच्या डोक्यात नसलेलं खूळ शिरेल, ही भीती जवळजवळ प्रत्येक बैठकीत कुणी तरी बोलून दाखवतं. या भीतीची संशोधकांनी नीट तपासणी केली आहे. २०१४ मध्ये अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. विचारल्यानं आत्महत्येचे विचार वाढल्याचं त्यात आढळलं नाही, उलट काहींना हलकं वाटल्याची चिन्हं होती. हा मुद्दा संस्थाचालकांपर्यंत पोहोचवा.

आता मर्यादा. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ३२ शाळांमध्ये क्यूपीआरची काटेकोर चाचणी झाली आणि २००८ मध्ये तिचे निष्कर्ष आले. कर्मचाऱ्यांचं ज्ञान वाढलं, आत्मविश्वास वाढला. पण प्रत्यक्षात मुलांना जास्त विचारायला कोण लागलं? ज्यांच्याशी मुलं आधीपासूनच मोकळेपणानं बोलत होती, तेच थोडे लोक. बाकीचे शिकले आणि जिथं होते तिथंच राहिले. शिवाय, ज्या मुलांनी आधी आत्महत्येचा प्रयत्न केला होता ती शाळेतल्या मोठ्या माणसांशी बोलायला इतरांपेक्षा कमी तयार होती. म्हणजे ज्याला सगळ्यांत जास्त गरज, तोच आपल्यापर्यंत यायची शक्यता कमी.

या एका अभ्यासानं माझं मत पक्कं केलं. सगळ्यांना बसवा, ते न्यायालयाच्या सूचनेत आहेच. पण खरा जोर त्या पाच-पंधरा माणसांवर द्या, ज्यांच्याकडं मुलं आपण होऊन जातात. प्रत्येक महाविद्यालयात ती असतात. कधी क्रीडा शिक्षक असतात, कधी राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकारी मॅडम, कधी झेरॉक्सवाला. कोण ते शोधायला वेगळी समिती लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना चिठ्ठीवर एक प्रश्न विचारा: अडचण आली तर कॅम्पसवर तू कुणाशी बोलशील? चिठ्ठीवर स्वतःचं नाव लिहू नका म्हणावं. जी नावं पुन्हा पुन्हा येतील ती तुमची यादी.

दुसरी मर्यादा काळाची. अमेरिकेत सरकारी निधीतून ज्या भागांत अशी प्रशिक्षणं आणि त्याला जोडलेले उपक्रम झाले, तिथं पुढच्या वर्षी तरुणांमधलं आत्महत्येचं प्रमाण थोडं खाली आलं, असं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. पण तो परिणाम त्या एका वर्षापुढं टिकल्याचं त्यात दिसलं नाही. वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं या न्यायालयाच्या सूचनेला म्हणूनच अर्थ आहे. एकदा घेतलं आणि प्रमाणपत्र भिंतीला लावलं, यानं भागणार नाही.

प्रथमोपचाराचे दोन प्रकार, आणि त्यांतली गल्लत

न्यायालयाच्या सूचनेत मानसशास्त्रीय प्रथमोपचार हे शब्द आहेत. याच नावाची जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मार्गदर्शिका मोफत मिळते. पाहा, ऐका, जोडा ही तिची त्रिसूत्री. ती मुख्यतः आपत्तीनंतरच्या मदतीसाठी लिहिलेली आहे. आपल्याकडं तिचं महत्त्व वेगळं सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी घरात शिरलं, तेव्हा शिरोळ-करवीरच्या किती तरी मुलांच्या वह्या-पुस्तकांसकट सगळं गेलं. अशा मुलाजवळ कसं बसायचं, त्याला सल्ले न देता त्याच्या तातडीच्या गरजा कशा विचारायच्या, हे त्यात फार चांगलं सांगितलंय.

पण आत्महत्येबद्दल थेट कसं विचारायचं याचा सराव तिच्या केंद्रस्थानी नाही. सूचनेतला शब्द जुळतो म्हणून फक्त हीच कार्यशाळा घेतली, तर कागद पूर्ण होईल आणि मुख्य कौशल्य राहून जाईल. न्यायालयानं त्याच वाक्यात धोक्याची लक्षणं ओळखणं, स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलाला प्रतिसाद देणं आणि पुढं पाठवणं हेही म्हटलंय. ते वाक्य पूर्ण वाचा.

दुसरा प्रकार म्हणजे मानसिक आरोग्य प्रथमोपचार, मेंटल हेल्थ फर्स्ट एड. ऑस्ट्रेलियात बेट्टी किचनर आणि अँथनी जॉर्म यांनी २००० मध्ये तो सुरू केला. प्रमाणित अभ्यासक्रम १२ तासांचा. नैराश्य, चिंता, भ्रम, व्यसन हे सगळं यात येतं. ज्यांना मुलांशी सतत काम करायचंय, त्यांच्यासाठी तो भक्कम पाया आहे. अभ्यासांतून शिकणाऱ्यांचं ज्ञान आणि मदतीची तयारी वाढल्याचं चांगलं दिसतं. ज्यांना मदत मिळाली त्यांची प्रकृती किती सुधारली, याचा पुरावा मात्र त्या मानानं तोकडा आहे. १२ तास म्हणजे दोन पूर्ण दिवस, आणि आपल्या परीक्षा, पेपर तपासणी, प्रवेश यांच्या धबडग्यात सगळ्या कर्मचाऱ्यांना ते देणं शक्य नाही. निवडक १५-२० लोकांना द्या, सेमिस्टर संपल्यावर.

दोन दिवसांची असिस्ट कार्यशाळा

कॅनडात १९८३ पासून चालत आलेली, लिव्हिंगवर्क्स संस्थेची. हिचा सगळा भर आत्महत्येवरच आहे: विचार ऐकून घेणं, जगण्याकडं ओढणारा धागा शोधणं, आणि त्या माणसासोबत पुढच्या काही तासा-दिवसांची सुरक्षेची योजना करणं. अमेरिकेच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवरच्या २०१३ च्या अभ्यासात असिस्ट शिकलेल्या समुपदेशकांशी बोलणाऱ्यांचा ताण आणि आत्महत्येची ओढ फोन संपेपर्यंत जास्त कमी झालेली आढळली. समुपदेशक, मोठ्या वसतिगृहाचे रेक्टर, विद्यार्थी विकास समितीचे समन्वयक यांना हे प्रशिक्षण मिळालं तर सोनं होईल. परवानाधारक प्रशिक्षक लागतात, तेव्हा एकट्या महाविद्यालयानं खर्च सोसण्यापेक्षा तीन-चार महाविद्यालयांनी मिळून घ्यावं. इतर कर्मचाऱ्यांना याची गरज नाही.

मुलांनाच शिकवणं

इथं मला सगळ्यांत जास्त थांबायचंय, कारण निवड करताना ही बाजू सहसा शेवटी येते आणि पुरावा मात्र हिच्या बाजूनं जास्त भक्कम आहे.

युरोपातल्या १० देशांतल्या १६८ शाळांमध्ये ११,११० विद्यार्थ्यांवर एक मोठा प्रयोग झाला. निष्कर्ष २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्यात तीन पद्धती शेजारी-शेजारी तपासल्या: शिक्षकांना क्यूपीआर प्रशिक्षण, धोका असलेल्या मुलांना प्रश्नावलीतून हेरून तज्ज्ञांकडं पाठवणं, आणि यूथ अवेअर ऑफ मेंटल हेल्थ, थोडक्यात याम, नावाचा मुलांसाठीचा पाच तासांचा कार्यक्रम. चौथ्या गटात वर्गात फक्त माहितीची पोस्टर्स लावली. वर्षभरानं बघितलं तेव्हा शिक्षक प्रशिक्षण आणि प्रश्नावली यांनी पोस्टर्सच्या गटापेक्षा ठोस फरक पाडलेला नव्हता. याम घेतलेल्या मुलांमध्ये मात्र नव्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यांचं प्रमाण ०.७० टक्के होतं, पोस्टर्सच्या गटात १.५१ टक्के. जवळपास निम्मं.

त्या पाच तासांत काय होतं? मुलं छोटी नाटुकली करतात. मित्राशी भांडण, घरातला ताण, नापास होणं, प्रेमभंग, आणि अशा वेळी काय काय करता येतं. शिक्षक ते चालवत नाही, बाहेरचा प्रशिक्षित माणूस चालवतो. मुलांना मार्क दिले जात नाहीत, बरोबर-चूक सांगितलं जात नाही. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसीनं गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात हा कार्यक्रम शाळांमध्ये नेलेला आहे. तेव्हा 'हे तिकडचं, आपल्याकडं चालणार नाही' असं म्हणण्याआधी पुण्याला एक फोन करून बघावा.

एक अट लक्षात ठेवा: युरोपातली ती मुलं सरासरी १५ वर्षांची होती. आपल्याकडं किती तरी वरिष्ठ महाविद्यालयांना कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं असतं. अकरावीच्या वर्गांना हा पुरावा जवळून लागू पडतो. पदवीच्या तिसऱ्या वर्षाला किंवा इंजिनिअरिंगच्या मुलाला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. तिथं वसतिगृहात, पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी, छोट्या गटांत, मित्राला कसं विचारायचं आणि मग कुणाकडं न्यायचं याचा सराव घ्या.

मुलांना शिकवताना एक रेघ ठळक आखा. १९ वर्षांच्या पोराला समुपदेशक बनवू नका. त्यानं रात्री-रात्री मित्राला एकट्यानं सांभाळायचं, आणि काही झालं तर आयुष्यभर स्वतःला दोष द्यायचा, ही शिक्षा कुणालाच नको. त्याला दोनच गोष्टी पक्क्या शिकवा: जिवाशी संबंध असेल तर 'कुणाला सांगू नको' ही शपथ पाळायची नाही, आणि 'जा, मॅडमला भेट' म्हणून पाठवायचं नाही, सोबत जायचं. कोल्हापूरच्या पोरांना दुसरी गोष्ट शिकवायला फारसा वेळ लागणार नाही. पेठेतल्या तालमीपासून कॉलेजच्या कट्ट्यापर्यंत 'चल भावा, मी येतो' हे इथं रक्तातच आहे.

कुणी काय निवडावं

वसतिगृह असलेलं मोठं इंजिनिअरिंग किंवा वैद्यकीय महाविद्यालय असेल तर सगळ्या कर्मचाऱ्यांना छोटं प्रशिक्षण द्या, मेस, सुरक्षा आणि सफाईच्या कंत्राटी लोकांसह. कंत्राटी माणूस कर्मचाऱ्यांच्या यादीत नसतो म्हणून सुटतो, आणि रात्री दोनला गच्चीकडं जाणारा मुलगा त्यालाच दिसतो. चिठ्ठ्यांतून निघालेल्या निवडक लोकांना १२ तासांचं, समुपदेशक आणि रेक्टरना दोन दिवसांचं.

कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं असेल आणि पैसा थोडाच असेल, तर तो आधी अकरावीच्या मुलांवर खर्च करा.

चंदगड, गगनबावड्यासारख्या तालुक्यातलं लहान महाविद्यालय असेल तर अडचण वेगळी. चंदगडहून कोल्हापूर शंभरेक किलोमीटर लांब, आणि जवळपास मानसोपचारतज्ज्ञ मिळेलच असं नाही. तिथं प्रशिक्षणात फोनवरून मदत मिळवून देण्याचा सराव जास्त हवा, आणि ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना पहिल्याच सत्राला बोलवायला हवं. विद्यार्थी शंभरापेक्षा कमी असतील तर न्यायालयानं पूर्णवेळ समुपदेशकाऐवजी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणीची मुभा दिली आहे. ती कागदावर न ठेवता त्या तज्ज्ञाला वर्षातून एकदा तरी कॅम्पसवर आणा, मुलांना चेहरा दिसू दे.

शहरातल्या अभ्यासिका आणि भरती अकादम्यांकडं प्राध्यापकही नाहीत आणि समितीही नाही. चालकानं स्वतः दोन तासांचं प्रशिक्षण घेतलं आणि हेल्पलाइनचा नंबर प्रत्येक टेबलावर चिकटवला, तरी सुरुवात होईल.

पोहोचवायचं कुठं?

हा भाग आधी पक्का करा आणि मगच प्रशिक्षणाची तारीख घ्या. रस्ता नसताना लोकांना विचारायला शिकवलं, तर मूल मन मोकळं करेल आणि समोरचा माणूस हात चोळत बसेल.

टेलि मानसचा नंबर १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्याची फोनसेवा मोफत आहे, २४ तास चालते आणि मराठीत बोलता येतं. न्यायालयानं असे नंबर वसतिगृहात, वर्गांत आणि सामायिक जागांत ठळक लावायला सांगितलेत. प्रशिक्षणात प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तो तिथल्या तिथं सेव्ह करून घ्या. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपलं सीपीआर, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे आणि तिथं मनोविकार विभाग आहे. ओपीडीचे दिवस, वेळा, रात्री कुठं जायचं, हे एका पानावर लिहून सगळ्यांना द्या. मुलाचा जीव तातडीच्या धोक्यात असेल तर ११२, आणि गाडी येईपर्यंत त्याला एकटं सोडायचं नाही.

'पोलीस केस होईल' या भीतीनं मुलाला दवाखान्यात नेणं टाळणारी माणसं अजून आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही. जुन्या दंडसंहितेतलं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेलंच नाही. हे वॉचमनपासून प्राचार्यांपर्यंत प्रत्येकाला माहीत हवं.

गुप्ततेचं काय? कोल्हापुरात दोन माणसं बोलायला लागली की तिसरा कुणी तरी ओळखीचा निघतोच. एका शिक्षकाला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत मुलाच्या मामाच्या कानावर गेली, तर त्या वर्गातलं दुसरं कुणीही मूल पुन्हा तोंड उघडणार नाही. ज्याला कळलं पाहिजे त्यालाच, आणि शक्यतो मुलाला आधी सांगून. चहाच्या टेबलावर अजिबात नाही. प्रशिक्षकाला यावर वेगळा अर्धा तास घ्यायला लावा.

प्रशिक्षणानं जे होणार नाही

शिष्यवृत्तीचा अर्ज महिनोन्महिने अडकलेला आहे, फीसाठी हॉल तिकीट रोखलंय, वायडी लागल्याचं, म्हणजे वर्ष मागे राहिल्याचं, घरी कसं सांगायचं कळत नाही, जातीवरून टोमणे बसतायत, सिनिअर त्रास देतायत. यातलं काहीही मेसच्या मावशींना क्यूपीआर शिकवून सुटत नाही. ते प्राचार्यांनी आणि विद्यापीठानं सोडवायचं. महाराष्ट्रात २०१५ पासून दहावीत नापास झालेल्या मुलांना वर्ष वाया न जाता लगेच पुन्हा परीक्षा देता येते. हा परीक्षेच्या वेळापत्रकातला बदल आहे, पण कुणा तरी मुलाच्या जिवावरचा भार त्यानं उतरवला असेल. तुमच्या महाविद्यालयात असे कोणते नियम बदलता येतील, हा विषय समितीच्या त्याच बैठकीत घ्या. निदान निकालाच्या दिवशी समुपदेशक रजेवर नसेल एवढं तरी बघता येतं.

आणि सगळं करूनही एखादं मूल गेलं तर? त्याची तयारीही प्रशिक्षणात हवी. आपल्याकडं चौकात लगेच मोठा डिजिटल फलक लागतो, हसरा फोटो, खाली मित्रमंडळाची नावं, स्टेटसवर गाणी. प्रेमापोटीच होतं ते. पण आतून खचलेल्या दुसऱ्या मुलाला त्यातून 'गेल्यावर तरी सगळे माझ्यासाठी थांबतील' असं वाटू शकतं. एका मृत्यूमागून दुसरा होण्याचा धोका तरुणांमध्ये जास्त असतो. मंडळाच्या पोरांशी आधीच बोलून ठेवा, त्यांना विश्वासात घ्या. फलकाऐवजी त्या मुलाच्या रूम पार्टनरजवळ, वर्गमित्रांजवळ पुढचे काही आठवडे कोण बसणार ते ठरवा.

प्रशिक्षकाला होकार देण्याआधी

हे थेट विचारा. सराव किती वेळ, आणि एका सत्रात किती माणसं? तीसच्या पुढं आकडा गेला की सराव होत नाही, ते पुन्हा व्याख्यान होतं. सत्र मराठीत आणि शिपाई-मावशींना कळेल अशा भाषेत होणार का? स्लाइड्स इंग्रजीत असतील तर नाही म्हणा. शिकणाऱ्यांपैकीच कुणी घरातल्या अशा मृत्यूनं हललेलं असेल, त्यांना सत्रातून उठून जायची मोकळीक आणि बाहेर बोलायला माणूस असेल का? सहा महिन्यांनी तुम्ही परत येणार का? आणि सत्रानंतर एखादी शिक्षिका रात्री अकराला घाबरून फोन करेल, तेव्हा तो कोण उचलणार? या शेवटच्या प्रश्नाला नाव आणि नंबरासह उत्तर मिळालं, तर त्या प्रशिक्षकाला तारीख द्या.